बिघाड नसलेलं यंत्र

१९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीचा, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्र देणाऱ्या आणि सोनीच्या गोटातल्या ब्लू-रेशी लढणाऱ्या डिस्कचा, कारभार आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या घरी ते प्लेअर होते, त्यांच्या यंत्रांना त्या दिवशी काहीही झालं नाही. बटण दाबलं की ट्रे बाहेर येत होता, डिस्क फिरत होती, पडद्यावर कालच्याइतकंच स्वच्छ चित्र दिसत होतं. आदल्या रात्री अर्धवट सोडलेला सिनेमा पुढे बघायला कुणाची आडकाठी नव्हती. आणि तरीही ते यंत्र त्या दिवशी संपलं.

वस्तू बिघडली तर दुरुस्त करता येते, झिजली तर टाकून देता येते. धडधाकट वस्तू एका पत्रकार परिषदेत निकालात निघाली, तर तिच्या मालकाचं नेमकं काय गेलं? पैसे गेले म्हणावं तर वस्तू समोर आहे. वस्तू गेली म्हणावं तर ती चालू आहे. मला वाटतं, गेले ते पुढचे सिनेमे. जे अजून आलेच नव्हते, पण ज्यांच्या भरवशावर त्याने ते यंत्र घेतलं होतं. प्लेअर घेताना आपण खोक्यातल्या वस्तूचे पैसे देतोच, शिवाय पुढची दहा वर्षं दुसरं कुणीतरी डिस्क काढत राहील या आशेचेही देतो. हा दुसरा भाग पावतीवर नसतो. म्हणून त्याची भरपाई कुणाकडे मागायची, हेही कळत नाही.

माझ्याकडे असा एक प्लेअर आहे. लढाई संपून बरीच वर्षं उलटल्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी अडगळीतून, निव्वळ हौसेपोटी मी तो घेतला, तेव्हा माझं काही नुकसान झालेलं नाही. नुकसान झालं ते आधीच्या मालकाचं. त्याने मूळ खोका, थर्माकोलचे तुकडे, माहितीपुस्तिका, हमीपत्र, सगळं जपून ठेवलं होतं. जुन्या यंत्रांचा नाद असल्यामुळे अशा वस्तू अधूनमधून हाती येतात, आणि हरलेल्या फॉरमॅटच्या यंत्रांबरोबर खोका बहुतेक वेळा असतोच, असं मला दिसत आलं आहे. नवीन काही आलं की लगेच घेणारा माणूस उधळ्या असतो असा एक समज आहे. मला तो उलट टापटिपीचा, चार ठिकाणी वाचून-विचारून घेणारा वाटतो.

पण वाचून-विचारून त्याला काय कळणार होतं? दोन्ही बाजूंचा लेझर एकाच जातीचा, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळा-जांभळा. चित्र आकसून साठवण्याच्या पद्धती त्याच. पडद्यावरचा तपशीलही तोच. खरा फरक डिस्कच्या पोटात होता. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत, म्हणजे साध्या डीव्हीडीत असतो तितकाच; त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडेफार फेरफार करून या डिस्क छापता येत होत्या. ब्लू-रेने तो थर ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे एका थरात १५ ऐवजी २५ गीगाबाइट मावू लागले, पण इतक्या वर आलेल्या थराला ओरखड्यांपासून वाचवायला वेगळा कठीण लेप शोधावा लागला. कारखानदारासाठी हा जमीन-अस्मानाचा फरक. सोफ्यावर बसलेल्या माणसाला मात्र, वॉर्नर या स्टुडिओने एकच सिनेमा दोन्ही प्रकारच्या डिस्कवर काढला तेव्हा, आत कुठली फिरते आहे हे सांगता आलं नसतं.

म्हणजे त्याने अभ्यास केला चित्राचा, आवाजाचा, जोडण्यांचा, आणि पेपर हातात आला तो भलत्याच विषयाचा. कुठला स्टुडिओ कुणाच्या गोटात जाईल? कुठली साखळी दुकानं काय ठेवायचं ठरवतील? कुठला गेमिंग कन्सोल किती खपेल? नोव्हेंबर २००६मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणला आणि ब्लू-रे ड्राइव्ह त्याच्या आतच बसवून दिला. ज्यांनी तो फक्त गेमसाठी घेतला, त्यांनीही नकळत सिनेमाच्या लढाईत मत देऊन टाकलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मात्र वेगळा, १९९ डॉलर मोजून घ्यावा लागे. घरात सिनेमा बघणाऱ्या माणसाचं भवितव्य अशा लोकांच्या हाती होतं ज्यांना या भांडणात काडीचा रस नव्हता.

आणि हे टळू शकलं असतं. १९९०च्या दशकात डीव्हीडीच्या आधीही दोन तट पडलेच होते: एकीकडे तोशिबा आणि तिचे साथीदार, दुसरीकडे सोनी आणि फिलिप्स. तेव्हा संगणक कंपन्यांनी, त्यात आयबीएमने पुढाकार घेऊन, दोघांना बजावलं की एक काहीतरी ठरवा, दोन फॉरमॅट आम्ही उचलणार नाही. १९९५मध्ये समझोता झाला, सगळ्यांची मिळून एकच डीव्हीडी आली आणि सगळ्यांचंच भलं झालं. दहा वर्षांनी तीच मंडळी पुन्हा एका टेबलाशी बसली. २००५च्या त्या वाटाघाटी डिस्कच्या रचनेवरून, म्हणजे त्या ०.६ आणि ०.१ मिलिमीटरवरून मोडल्या. या वेळी बजावणारं कुणी नव्हतं. ज्याला सर्वांत जास्त सोसावं लागणार होतं, त्या ग्राहकाला त्या टेबलाशी खुर्चीच नव्हती.

‘घाई केली, भोगा’ हे वाक्य अशा वेळी फार सहज बोललं जातं. तारखा बघितल्या तर ते टिकत नाही. एप्रिल २००६मध्ये तोशिबाचा पहिला स्वस्त प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. ज्यांना परवडत नव्हतं किंवा ज्यांना धीर होता, ते थांबले. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंटने ब्लू-रे सोडून एचडी डीव्हीडीची बाजू धरली. नोव्हेंबर २००७च्या सुरुवातीला वॉलमार्टने जुन्या मॉडेलची किंमत ९८.८७ डॉलरवर आणली. दीड वर्ष वाट बघून, किंमत एक पंचमांश झाल्यावर, एक मोठा स्टुडिओ नुकताच आपल्या बाजूला आल्याचं पाहून ज्याने तो प्लेअर घरी नेला, त्याच्याइतका सावध ग्राहक कुणी असू शकतो का? दोन महिन्यांनी, ४ जानेवारी २००८ला, वॉर्नरने आपण यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असल्याचं जाहीर केलं. पुढचं सगळं सहा-सात आठवड्यांत उरकलं. नेटफ्लिक्स ब्लू-रेकडे गेलं, बेस्ट बाय ही दुकानांची साखळी गेली, शेवटी ९८.८७ला प्लेअर विकणारं वॉलमार्टही गेलं.

या सहा-सात आठवड्यांतली एक गोष्ट मला अजून खटकते. वॉर्नर निघून गेल्यावर तोशिबाने किंमती पुन्हा उतरवल्या, आणि ३ फेब्रुवारीला सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या जाहिरातवेळेत, एचडी डीव्हीडीची जाहिरात दाखवली. त्यानंतर सोळाव्या दिवशी दुकान बंद. मोठ्या कंपनीत जाहिरात विभागाला संचालकांच्या मनातलं कळत नसेल, वेळ आधीच विकत घेतलेली असेल, सगळं मान्य. पण त्या रात्री जाहिरात बघून सोमवारी खरेदीला गेलेला कुणीतरी माणूस असणारच.

याच्याशेजारी मला १९८४ची एक जाहिरात ठेवावीशी वाटते. तो जानेवारी बेटामॅक्स या सोनीच्या व्हिडिओ कॅसेटसाठी विचित्र महिना होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ तारखेला पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला: टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. खटला बेटामॅक्सच्या नावाने लढला गेला, पण तोवर बाजार जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएस या प्रतिस्पर्धी कॅसेटकडे कलला होता, त्यामुळे निकालाचा सर्वांत मोठा फायदा प्रतिस्पर्ध्यालाच झाला. आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सोनीने सलग चार दिवस वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. बेटामॅक्स नाहीसं होणार का, बेटामॅक्स घेणं तोट्याचं ठरेल का, असे प्रश्न कंपनीनेच मोठ्या अक्षरांत विचारले होते. उत्तर अर्थातच ‘नाही’ होतं, आणि शेवटच्या दिवशी बेटामॅक्स आता आणखी रंगतदार होणार असं आश्वासन होतं. मात्र जाहिरातीतले ते प्रश्न वाचूनच पुष्कळ लोकांच्या मनात शंका पक्की झाली असणार. इतकी उलटलेली जाहिरात विरळाच.

गंमत अशी की ते ‘नाही’ अक्षरशः खरं ठरलं. १९८८मध्ये सोनी स्वतः व्हीएचएसची यंत्रं काढू लागली, म्हणजे हार मान्य झाली होती. पण बेटाचे रेकॉर्डर ती २००२पर्यंत बनवत राहिली. आणि कोऱ्या कॅसेट मार्च २०१६पर्यंत मिळत होत्या. त्या जाहिरातींनंतर बत्तीस वर्षं! व्हीएचएसचं शेवटचं यंत्र बनवणाऱ्या फुनाई कंपनीने उत्पादन थांबवलं तेही जुलै २०१६मध्ये. हरलेल्याची कॅसेट आणि जिंकलेल्याचं यंत्र एकाच वर्षी, चार महिन्यांच्या अंतराने गेलं.

सोळा दिवस आणि बत्तीस वर्षं. तोशिबाने विक्रीनंतरची सेवा चालू ठेवण्याचं वचन दिलं होतं, त्यामुळे ही तुलना थोडी कडक आहे हे मला कळतं. तरी ती मी मागे घेणार नाही. फॉरमॅट हरणं कुणाच्या हातात नसतं; हरल्यावर किती सावकाश निघायचं, हे मात्र कंपनीच्या हातात असतं. हरलेल्या बाजूच्या माणसाला पैशांपेक्षा जास्त गरज असते ती सवडीची. कारण विकत घेतलेला सिनेमा आज ना उद्या दुसऱ्या रूपात पुन्हा घेता येतो. घरी रेकॉर्ड केलेलं काही पुन्हा घेता येत नाही.

बेटामॅक्सबद्दल बोलताना हा भाग मागे पडतो, कारण ‘चांगलं चित्र हरलं आणि सुमार जिंकलं’ या दंतकथेतच सगळ्यांना गोडी आहे. (ती दंतकथाही तितकीशी खरी नाही. १९७५मध्ये आलेल्या पहिल्या बेटामॅक्समध्ये एकच तास रेकॉर्डिंग होई. वर्षभराने आलेल्या व्हीएचएसमध्ये दोन तास, म्हणजे आख्खा सिनेमा. सोनीने बरोबरी साधायला टेपचा वेग निम्म्यावर आणला, आणि चित्रात जी थोडी उजवी बाजू होती तीही बरीचशी त्यातच गेली.) १९८३मध्ये सोनीने बेटामूव्ही नावाचा कॅमेरा काढला. त्याआधी कॅमेरा खांद्यावर आणि रेकॉर्डर वेगळा लटकवून फिरावं लागे. बेटामूव्हीत दोन्ही एकत्र आले. फक्त एक अडचण होती. यंत्र आटोपशीर करण्यासाठी आतलं फिरतं ड्रम लहान केलं होतं, आणि त्यामुळे हा कॅमेरा रेकॉर्ड करायचा, पण केलेलं दाखवू शकत नसे. बघायचं तर कॅसेट काढून घरच्या बेटा यंत्रात घालायची.

आता त्या कॅसेटचं पुढे काय झालं असेल ते बघा. बाळाची पहिली पावलं, कुणाचं लग्न, आजोबांचा आवाज, असं जे काही असेल ते बेटावर आहे. घरचं यंत्र पुढच्या काही वर्षांत थकलं. नवीन घेतलं ते व्हीएचएस, कारण सिनेमे त्यावरच मिळत. व्हीएचएसच्या खाचेत बेटाची कॅसेट शिरत नाही. टेपची रुंदी दोन्हीकडे अर्धा इंचच, पण खोकं वेगळं, टेप ओढून घेण्याची वाट वेगळी. ज्याने जेव्हीसीचा १९८४चा छोटा कॅमेरा घेतला, त्याची इवलीशी कॅसेट एका अडॅप्टरमध्ये घालून कुठल्याही व्हीएचएस यंत्रात चालली, अगदी शेवटपर्यंत. दोन शेजाऱ्यांनी वर्षभराच्या फरकाने दोन कॅमेरे घेतले, आणि एकाच्या मुलांना आपलं बालपण सहज बघता येतं, दुसऱ्याच्या मुलांना त्यासाठी खटपट करावी लागते.

खटपट म्हणजे काय, ते अशी यंत्रं हाताळल्यामुळे मला थोडंफार ठाऊक आहे. आधी चालू बेटा यंत्र मिळवायचं. ते वर्षानुवर्षं बंद पडून असतं, म्हणजे आतले रबरी पट्टे सैल झालेले किंवा चिकट पडलेले, टेप दाबून पुढे नेणारा रबरी रोलर दगडासारखा कडक झालेला, वंगण मेणासारखं घट्ट. सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढायचे. टेप वाचणारं हेड साफ करायचं, आणि तेही फार जपून. मग कॅसेट. दमट जागी राहिली असेल तर चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक ओल शोषून चिकट झालेला असतो, आणि टेप हेडवरून जाताना थर सोलून ठेवते. ज्या चालीत ती वाचेल ती कदाचित तिची शेवटची चाल असते, म्हणून नक्कल करण्याची सगळी तयारी आधी करावी लागते. शिवाय यात घाई चालत नाही: तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. एवढं करून चित्र आलं तर बरेचदा दिसतं ते टीव्हीवरून घेतलेलं कुठलंतरी जुनं प्रक्षेपण, कारण घरच्या मंडळींनी मूळ चित्रणावर मागाहून मॅच रेकॉर्ड केलेली असते. त्याचा दोष मात्र कुठल्याच फॉरमॅटला देता येत नाही.

म्हणूनच भरपाईच्या कहाण्या वाचताना मला त्या किंचित विनोदी वाटतात. बेस्ट बायने एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेल्या गिऱ्हाइकांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. कायद्याने काही बांधील नसताना दिलं, हे कौतुकास्पद, पण ते खर्चायचं पुन्हा त्याच दुकानात. वॉर्नरने २००९मध्ये जुन्या एचडी डीव्हीडीच्या बदल्यात ब्लू-रे देण्याची योजना काढली, प्रत्येक सिनेमाला ४.९५ डॉलर आणि टपालखर्च. पुरावा म्हणून पाठवायचं होतं खोक्यातलं छापील कव्हर. डिस्क ठेवा तुमच्याकडेच! त्याच वर्षी तोशिबाने ब्लू-रेच्या संघटनेत नाव नोंदवलं आणि स्वतःचा ब्लू-रे प्लेअर बाजारात आणला.

याहून वाईट प्रकार १९९८मध्ये होऊन गेला होता. सर्किट सिटी या अमेरिकी साखळीने डायव्हएक्स नावाच्या डिस्क काढल्या. स्वस्तात घ्यायची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास बघायची, नंतर बघायची असेल तर आणखी पैसे. आणि हा हिशेब ठेवायला प्लेअर टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला फोन करायचा. जून १९९९मध्ये गाशा गुंडाळला. प्लेअरवाल्यांना १०० डॉलर परत देऊ केले. २००१मध्ये पलीकडे फोन उचलणारं यंत्र बंद झालं आणि त्या डिस्क कायमच्या मुक्या झाल्या. बेटाची कॅसेट कंपनीला न विचारता आजही चालू शकते, डायव्हएक्सची नाही. मला त्या वेळी हे एक फसलेलं खूळ वाटलं होतं. पण ‘विकत घेतलेले’ सिनेमे क्लाउडमध्ये ठेवून देणारी अल्ट्राव्हायोलेट ही सेवा ३१ जुलै २०१९ला बंद झाली, आणि लोकांना आपला संग्रह दुसऱ्या सेवांना जोडून घ्या म्हणून सांगण्यात आलं, तेव्हा खूळ कुठलं आणि पूर्वतयारी कुठली, असा प्रश्न पडला.

जिंकलेल्यांचंही फार काही साधलं नाही. ब्लू-रेचे सुरुवातीचे प्लेअर अर्ध्या शिजलेल्या नियमांवर बनले होते. इंटरनेटवरून जादा मजकूर आणण्याची सोय नंतर आली, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांची महागडी यंत्रं तिला मुकली. हरलेल्या एचडी डीव्हीडीत नेटवर्कची जोडणी पहिल्यापासून सक्तीची होती. आणि लढाई ऐन भरात असताना, जानेवारी २००७मध्ये, नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवण्याच्या जोडीला थेट इंटरनेटवर सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

माझ्याकडच्या काही एचडी डीव्हीडी आता वाचल्या जात नाहीत. वरून ओरखडा नाही, आतला थरच जातो आहे. यंत्र ठणठणीत, डिस्क आजारी. शहाणपणाचं काम म्हणजे उरलेल्यांची नक्कल करून ठेवणं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे: एखादं साधन बाजारात बनत नसेल किंवा वाजवी रीतीने मिळत नसेल, तर ते फॉरमॅट कालबाह्य समजावं, आणि तशा फॉरमॅटमधल्या कलाकृतीच्या तीनपर्यंत प्रती करायला, दुसरी धड प्रत रास्त किंमतीत मिळत नसेल तर, मुभा असावी. यंत्र चालतं की नाही ही कसोटीच नाही. मिळतं की नाही, ही आहे. फार समंजस कलम आहे. फक्त ते ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना लागू आहे, घरच्या कपाटाला नाही. ते घरापर्यंत यायला हवं असं मला वाटतं, आणि आलं तरी एक अडचण उरतेच. एचडी डीव्हीडीवर नक्कल रोखणारं एएसीएस नावाचं कुलूप आहे. ब्लू-रेवरही तेच. डिस्कच्या रचनेवरून ज्यांच्या वाटाघाटी मोडल्या, त्यांनी हे कुलूप मात्र त्याआधीच मिळून बनवायला घेतलं होतं. ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत सोनी आहे, आणि तोशिबाही.